बहुधा

पुण्याच्या रोजच्या बोलण्यात 'युज्वली' हा शब्द आता घरच्यासारखा वावरतो. "आम्ही युज्वली रविवारी सिंहगडावर जातो", "बाबा युज्वली आठपर्यंत येतात", "इथे युज्वली गाडी लावायला जागा मिळते" अशी वाक्यं कोथरूडपासून खराडीपर्यंत कुठेही कानावर पडतात. परक्या शब्दांशी माझं भांडण नाही. 'दररोज' आणि 'कायम' यांच्यामागेही फारसी-अरबीचा प्रवास आहे आणि आज ते पूर्ण मराठी आहेत. 'युज्वली'ही रुळेल. मला काळजी आहे ती त्या जागी आधीपासून असलेल्या 'बहुधा'ची. त्याच्या पोटात जे साठलेलं आहे ते 'युज्वली'त मावत नाही. ते काय आहे हे पाहायला पुण्याइतकं सोयीचं शहर क्वचितच सापडेल.

इंग्रजी शिकवताना शिक्षक फळ्यावर एक शिडी काढतात. सर्वांत वर 'ऑलवेज', त्याच्यापुढे शंभर टक्के. मग 'युज्वली', 'ऑफन', 'समटाइम्स', 'रेअरली', आणि तळाला 'नेव्हर', त्याच्यापुढे शून्य. शेजारी मराठी प्रतिशब्द: नेहमी, बहुधा, बरेचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. मग शब्दाच्या जागेचा नियम येतो. हे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी घालायचे. 'इज' किंवा 'आर' असेल तर मात्र त्याच्यानंतर. मुलं ते पाठ करतात, गाळलेल्या जागा भरतात, गुण मिळवतात. पण 'युज्वली'समोर एक शिक्षक ऐंशी लिहितात, दुसरे नव्वद. शंभर आणि शून्य यांबद्दल सगळ्यांचं एकमत असतं. मधल्या पायऱ्यांवर प्रत्येकाचा आकडा वेगळा, कारण तिथे कोणी काही मोजलेलं नसतं. आणि आपलं बहुतेक आयुष्य तर त्या मधल्या पायऱ्यांवरच चाललेलं असतं.

'युज्वली' म्हणजे बहुधा, हे शाळेपुरतं बरोबर आहे. पण मराठी माणूस 'बहुधा' दोन तऱ्हेने वापरतो. "ते बहुधा संध्याकाळी येतात" म्हटलं की झालेल्या गोष्टींचा हिशेब सांगितला जातो: आजवर पाहिलं, बऱ्याच वेळा असंच झालं. "ते बहुधा संध्याकाळी येतील" म्हटलं की न झालेल्या गोष्टीचा अंदाज सांगितला जातो. क्रियापदाचा काळ तेवढा बदलला आणि त्याच शब्दाने मागे पाहणारं तोंड पुढे वळवलं. 'बहुतेक'चंही तसंच. "बहुतेक लोक" यात मोजणी आहे, "बहुतेक मिळेल" यात अटकळ. इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळे शब्द लागतात. मराठीने ती एकाच शब्दावर सोपवली, कारण बोलणाऱ्यांना त्यांतलं नातं ठाऊक होतं. जे पुष्कळदा घडलं, तेच पुन्हा घडेल असं आपण धरतो. उद्याबद्दल काही म्हणायचं तर कालखेरीज आपल्या हाती दुसरं काहीच नसतं.

संस्कृतात 'बहुधा'चा मूळ अर्थ 'अनेक प्रकारांनी'. सत्य एकच असलं तरी जाणते ते अनेक प्रकारे सांगतात, हा ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातला प्रसिद्ध विचारही याच शब्दाने मांडला आहे. 'सहसा'चा प्रवास तर आणखी नवलाचा. संस्कृतात 'सहसा' म्हणजे एकाएकी, अविचाराने. भारवीच्या 'किरातार्जुनीया'तलं सुप्रसिद्ध सुभाषित ज्या उतावळेपणापासून सावध करतं, तोच हा शब्द. हिंदीत आजही 'सहसा' म्हणजे अचानक. मराठीत मात्र "तो सहसा बाहेर जेवत नाही" असं म्हटलं की आपल्याला त्याची वर्षानुवर्षांची सवय दिसते. जो शब्द क्षणाच्या झटक्याचा होता, तो आपल्याकडे सावकाशीचा आणि सवयीचा झाला, आणि तोही बहुतकरून नकाराच्या सोबतीने.

शिवाजीनगरहून विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर घड्याळाचा मनोरा असलेली एक दगडी इमारत आहे. पुणेकर तिला सिमला ऑफिस म्हणतात. तिच्यासमोरच्या चौकालाही तेच नाव पडलं आहे. पुण्यात हे सिमला आलं कुठून, हे मात्र अनेकांना माहीत नसतं. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. त्याचं मुख्यालय आधी कलकत्त्याला होतं, १९०५ मध्ये ते सिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये तिथून पुण्याला आलं. पुढे १९४४ मध्ये ते दिल्लीला हललं, पण हवामानाच्या नोंदी आणि अभ्यासाचं मोठं काम पुण्यातच राहिलं. 'बहुधा' या शब्दाचं जर कुठे कार्यालय असेल तर ते हेच, असं मला नेहमी वाटतं. इथे झालेल्या पावसाची नोंद जमते आणि तिच्यातूनच न झालेल्या पावसाबद्दल काही म्हणण्याचं धाडस केलं जातं.

हे धाडस मोठ्या दुःखातून जन्मलं. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. त्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकिकत गोळा करून सरकारपुढे मांडली. पाऊस कधी दगा देईल हे आधी कळलं पाहिजे, ही निकड सगळ्यांनाच भासली. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध जोडून १८८६ मध्ये हंगामाचा पहिला रीतसर अंदाज दिला. पण १८९९ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज खोटा ठरला आणि पुन्हा दुष्काळ आला. १९०४ मध्ये खात्याची सूत्रं हाती घेणारे गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. त्यांनी जगभरच्या नोंदी गोळा केल्या आणि कुठला हवेचा दाब कुठल्या पावसाशी किती वेळा जुळतो हे मोजायला घेतलं. प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोका, ज्याला आज दक्षिणी आंदोलन म्हणतात, तो या मोजणीतून हाती आला. 'असं झालं की बहुधा तसं होतं', हे म्हणण्यासाठी किती कागद काळे करावे लागतात याचा वॉकर हा धडाच आहे.

मोजायचं तर काय मोजायचं हे आधी ठरवावं लागतं. पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजलं जातं. चोवीस तासांत किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला तरच तो दिवस 'पावसाचा दिवस' म्हणून गणला जातो. पुण्याचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना यातली गंमत आणि अडचण दोन्ही कळतील. इथे जुलैमध्ये दिवस-दिवस भुरभुर असते. रेनकोट अंगावरून उतरत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, आणि तरी मापकात दोन मिलिमीटरसुद्धा जमत नाहीत. आपण म्हणतो रोज पाऊस आहे. नोंदवही म्हणते, पावसाचा दिवस नव्हता. दोघंही खोटं बोलत नाहीत. किती वेळा घडलं हे सांगायचं तर कशाला 'घडणं' म्हणायचं ते उघड करून ठेवावं लागतं, एवढंच त्यातून कळतं. बातमीपत्रांत आपण ऐकतो ते 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी' आणि 'बहुतांश ठिकाणी' हेही असेच बांधलेले शब्द आहेत. एका विभागातल्या केंद्रांपैकी पाव हिश्श्यापर्यंत पाऊस असेल तर तुरळक, निम्म्यापर्यंत काही, पाऊण हिश्श्यापर्यंत बऱ्याच, त्यावर बहुतांश. ऐकताना ढगळ वाटणाऱ्या या शब्दांना काठ आहेत.

या मोजणीमागे पुण्यात राबलेली एक व्यक्ती आठवते. भौतिकशास्त्रज्ञ अण्णा मणी इंग्लंडहून परतल्यावर १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणविभागात रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणंही बाहेरून येत. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनू लागतील अशी व्यवस्था केली. देशाच्या एका टोकाचं मापक आणि दुसऱ्या टोकाचं मापक एकच भाषा बोलेल, यावर त्यांचा कटाक्ष होता. मापच चुकलं तर त्यावर उभा राहणारा प्रत्येक 'बहुधा' चुकणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीपासून शेतकऱ्यांनीही हा हिशेब ठेवला. सात-आठ जूनला मृग लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहन येतं, कधी बेडूक, कधी गाढव, कधी मोर, आणि त्यावर पारावर चर्चा रंगते. वाहनावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो, नक्षत्रांच्या नावांत कित्येक पिढ्यांची निरीक्षणं भरलेली आहेत. मावळात भातशेती करणारे माझे एक नातलग आहेत. आवणीच्या दिवसांत मी त्यांना विचारलं, "काका, या आठवड्यात पाऊस धरेल ना?" त्यांनी डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाले, "धरतो बहुतेक. पण रोपं सगळी एकदम काढायची नाहीत." मला ते वाक्य फार मोलाचं वाटतं. अनुभवाने दिलेला भरवसा पहिल्या वाक्यात आहे, आणि तो भरवसा मोडला तर काय, याची तजवीज दुसऱ्यात. 'बहुतेक' म्हणणाऱ्याने दुसरं वाक्य मनाशी तयार ठेवायचं असतं.

त्यांच्या 'बहुतेक'ला गावाची हद्दही आहे. ताम्हिणी घाटात जो पाऊस कोसळतो तो पुण्याला पोचेपर्यंत कसाबसा सात-साडेसातशे मिलिमीटर उरतो आणि दौंड-बारामतीकडे आणखी आटतो. एकाच जिल्ह्यात, एका दिवसाच्या प्रवासात, 'साधारणपणे' या शब्दाचा अर्थ पार बदलतो. मुळशीच्या माणसाने स्वतःच्या अनुभवावरून बारामतीच्या माणसाला पावसाबद्दल काही सांगू नये. सांगितलं तर ते तिथे खोटं ठरेल.

जागेसारखाच काळही या शब्दाचा अर्थ बदलतो. देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस १९५१ ते २००० या वर्षांच्या नोंदींवरून ८९ सेंटिमीटर धरला जात होता. नंतर १९६१ ते २०१० च्या नोंदींवरून तो ८८ झाला आणि आता १९७१ ते २०२० वरून ८७ आहे. या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण मोसम. म्हणजे सर्वसाधारण कशाला म्हणायचं तेच हळूहळू सरकतं आहे. वायव्य भारतातून मोसमी पाऊस परतू लागण्याची तारीख १ सप्टेंबर मानली जाई. २०२० मध्ये ती १७ सप्टेंबर करण्यात आली. पाऊस लांबतो आहे हे लोकांना जाणवत होतंच, नोंदवहीने ते मान्य केलं. जुन्या 'बहुधा'ला चिकटून न राहता नव्या नोंदी आल्या की तो नव्याने मांडायचा, ही शिस्त मला विज्ञानातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पुणं ही शिस्त फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचाही बांध गेला आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. जुनी माणसं आजही घटना 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' अशा लावतात. एवढं पाणी शहरात कधीच येणार नाही, हा विश्वास त्या दिवशी वाहून गेला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने कात्रजपासून अरण्येश्वरपर्यंत घरं, गाड्या आणि माणसं ओढून नेली. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. 'क्वचित' आणि 'अधूनमधून' या दोन पायऱ्यांमधलं अंतर आपल्या डोळ्यांदेखत कमी होतं आहे. ओढ्याच्या काठी घर बांधणाऱ्याने आणि ते बांधू देणाऱ्याने आजोबांचा 'सहसा' पुन्हा तपासून पाहिला पाहिजे.

मुळा-मुठेपलीकडे, येरवड्याजवळ, डेक्कन कॉलेजात हवामान खात्यासारखंच नोंदी जमवण्याचं दुसरं काम चालतं. तिथे १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या महाकोशाचा प्रकल्प सुरू झाला. वेदांपासून पुढच्या शेकडो ग्रंथांतून शब्द टिपून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या गेल्या. त्यांची संख्या सुमारे एक कोटी सांगतात. खंडामागून खंड निघाले ते सगळे 'अ'ने सुरू होणाऱ्या शब्दांचेच. शब्दाचा अर्थ तिथे कोणी मनाने ठरवत नाही. तो कुठे, कोणी, कशासाठी, किती वेळा वापरला हे पाहतात आणि मग म्हणतात, याचा अर्थ बहुधा असा. हवामानखात्यातली पावसाची नोंदवही आणि इथलं चिठ्ठ्यांचं कपाट यांना जोडणारी ही पुण्याची मोठी परंपरा आहे: आधी टिपून ठेवा, मग बोला.

मराठीच्या व्याकरणातही सवयीसाठी राखलेली एक वेगळी जागा आहे. रीतिभूतकाळात 'तो येई', 'ती गाई', 'आम्ही जात असू' म्हटलं की 'नेहमी' वा 'बहुधा' वेगळा घालावा लागत नाही. तो क्रियापदातच विरघळलेला असतो. पुण्याच्या आठवणी या काळात सांगितल्या जातात. रस्त्यांवर सायकलीच सायकली असत, संध्याकाळी मुठेकाठी वारं येई, उन्हाळ्यातही रात्री पांघरूण लागे. हा काळ फार गोड आहे आणि म्हणूनच जपून वापरायचा आहे. एखादी गार रात्र मनात इतकी खोल बसते की ती पूर्ण उन्हाळ्याची सवय होऊन बसते. आठवण स्वतःच्या आवडीचे दिवस निवडते. पर्जन्यमापकाला तशी आवड नसते. आठवणींचा गोडवा मला हवा आहे, पण त्यांच्या शेजारी नोंदवही असावी असंही वाटतं.

पावसाबद्दल आपण इतके सावध झालो, माणसांबद्दल मात्र झालो नाही. पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्या कुणालाही विचारा. "एकटी राहणारी मुलं नेहमी धिंगाणा घालतात", "त्या बाजूचे लोक नेहमी भाडं थकवतात", "अमक्या समाजाला घर दिलं की सोसायटीत कटकट ठरलेलीच". हे ज्यांच्या तोंडी असतं ती माणसं एरवी समंजस असतात, शेजाऱ्याच्या आजारपणात धावून जातात. पण इथे ती शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर चढून बोलतात. विचारलं की किती जण पाहिले, तर उत्तरात एखादा भाडेकरू निघतो, पुष्कळदा तोही दुसऱ्याने सांगितलेला. हवामानशास्त्रात एखाद्या गावचं सर्वसाधारण तापमान सांगायला तीस वर्षांच्या नोंदी घेण्याचा प्रघात आहे. माणसांच्या समूहाबद्दल आपण एका दुपारच्या ऐकीव गोष्टीवर कायमचा निर्णय देतो. आणि त्या निर्णयाखाली एखादी तरुण मुलगी महिनाभर मैत्रिणीच्या खोलीत सामान ठेवून राहते, एखादं कुटुंब आडनाव सांगायच्या आधी क्षणभर थबकतं.

'बहुधा' म्हणायला शिकणं ही म्हणून मला नागरिकत्वाची गोष्ट वाटते. या शब्दात अभ्यास आहे आणि नम्रताही. तो म्हणणाऱ्याने पाहिलेलं असतं, मोजलेलं असतं, आपल्या मोजण्याची हद्दही त्याला माहीत असते, आणि उद्या वेगळं काही दिसलं तर शब्द बदलायला तो तयार असतो. ज्यांच्याबद्दल आपल्याकडे अशी नोंद आहे त्यांच्याबद्दल बहुधा म्हणावं. पण दारात उभ्या असलेल्या नव्या भाडेकरूची आपल्याकडे एका दिवसाचीही नोंद नाही. त्याच्याबाबतीत 'बहुधा'ही फार मोठा शब्द होईल. त्याला किल्ली द्यावी, राहू द्यावं; त्याची सवय त्याची त्यालाच दाखवू द्यावी.